गर्भाशयमुखाचा कर्करोग: लस, तपासणी आणि रिपोर्ट हातात आल्यानंतरचं काम

रानजाई

गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. पण बहुतेक ठिकाणी गाडी 'लस घ्या, तपासणी करा' इथेच अडते. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही या विषाणूची लागण झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. इतकी सवड देणारे कर्करोग फार थोडे. तरीही २०२२ साली जगात सुमारे ६ लाख ६० हजार बायकांना तो झाला आणि साडेतीन लाखांच्या आसपास दगावल्या. साखळीची कडी कुठेतरी निसटतेय हे उघड आहे, आणि माझ्या मते ती तपासणीनंतरच्या टप्प्यावर निसटते.

म्हणून विचारते: लस घेतलेल्या मुलीला पुढे तपासणी लागते का? पॅप (पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), एचपीव्ही चाचणी (विषाणू शोधणं) आणि व्हीआयए (अॅसेटिक अॅसिड लावून डोळ्यांनी बघणं) यांतली कोणती, कोणत्या वयात? आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पुढे नेमकं काय करतात? ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांनी सविस्तर लिहा.

सूक्ष्मदर्शी

आधी मूळ सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

गर्भाशयमुखाचा बाहेरचा भाग सपाट पेशींच्या जाड थराने झाकलेला असतो आणि आतल्या नळीला उंच, चिकट स्राव करणाऱ्या पेशींचं पातळ अस्तर असतं. हे दोन थर जिथे भेटतात ती सीमा आयुष्यभर एका जागी राहत नाही. तरुणपणी ती बाहेर असते, वय वाढेल तशी आत सरकते, आणि पाळी गेल्यावर बहुतेकदा नळीत दिसेनाशी होते. या सरकण्यात जो पट्टा तयार होतो त्याला संक्रमण क्षेत्र म्हणतात. जवळजवळ सगळी गडबड तिथेच सुरू होते. 'वय' आणि 'कोणती चाचणी' हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत ते याच कारणाने.

एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार आहेत. त्यांतले डझनभर धोक्याचे, आणि १६ व १८ हे दोनच मिळून सुमारे ७० टक्के कर्करोगांना जबाबदार. लागण बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होते आणि दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून ती एक-दोन वर्षांत आपोआप जाते. जिच्या शरीरात धोक्याचा प्रकार ठाण मांडून बसतो, तिच्यात विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं काम सुरू करतात. ई६ पेशीतलं पी५३ नष्ट करवतं, ई७ आरबी प्रथिनाला निकामी करतं. ही दोन्ही पेशीच्या वाढीला आवर घालणारी प्रथिनं. ती गेली की पेशी बिघडलेल्या जनुकांसकट विभागत राहते. या बिघाडाच्या पायऱ्या म्हणजे सीआयएन १, २ आणि ३. सीआयएन १ बहुधा आपोआप मावळतो. सीआयएन ३ तसाच सोडला तर तीस वर्षांत साधारण तिघींपैकी एकीला कर्करोग होतो.

पिंपळपान

म्हणजे एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. हे वाक्य प्रत्येक रिपोर्टवर ठळक छापलं पाहिजे.

काचपट्टी

सूक्ष्मदर्शी, छान मांडलंत. मी पॅपबद्दल लिहिते, कारण ही चाचणी नमुना घेताना जितकी बिघडते तितकी प्रयोगशाळेत बिघडत नाही.

पाळी चालू असताना नमुना देऊ नये. आधीचे ४८ तास संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या-मलमं आणि आतून धुणं टाळावं. स्पेक्युलमला, म्हणजे आत बघण्यासाठी योनी उघडून धरणाऱ्या साधनाला, जेली न लावता कोमट पाणी लावलेलं बरं. जेली पेशींवर पसरली की रंग नीट चढत नाही. स्पॅच्युला, म्हणजे चपटी काडी, गर्भाशयमुखावर पूर्ण एक वेढा फिरवायचा आणि नळीतल्या पेशींसाठी वेगळा ब्रश घ्यायचा. मग तो नमुना काचेवर पातळ पसरून लगेच, म्हणजे काही सेकंदांतच, ९५ टक्के इथाइल अल्कोहोलमध्ये बुडवायचा. 'आधी स्पेक्युलम काढते, मग बुडवते' एवढ्यात काच वाळते. वाळलेल्या पेशी फुगतात, केंद्रक मोठं आणि फिकट दिसतं, आतलं जाळं पुसट होतं. मग निरोगी पेशीही आजारी असल्याचा संशय येतो किंवा आजारी पेशी ओळखू येत नाही. स्प्रे वापरत असाल तर वीतभर अंतर ठेवा. जवळून मारला की पेशी उडून एका बाजूला गोळा होतात. नाव पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये निघून जाते.

द्रवात नमुना घेण्याच्या पद्धतीत वाळण्याचा प्रश्न मिटतो. ब्रशचे मधले लांब केस नळीत घालून एकाच दिशेने पाच वेढे, मग बाटलीत नीट खळबळायचं.

आणखी एक. रिपोर्टवर 'नमुना अपुरा' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 'नॉर्मल' होत नाही. तो कागद फाईलला लावून मोकळं होण्याऐवजी दोन ते चार महिन्यांत पुन्हा नमुना द्या.

आडवाट

काचपट्टीताई, तुम्ही लिहिलेलं सगळं बरोबर, पण त्यासाठी अल्कोहोल हवं, रंग हवेत, काच वाचणारं प्रशिक्षित माणूस हवं आणि रिपोर्ट त्या बाईपर्यंत पोचायला हवा. जिथे यातलं काही नाही तिथे व्हीआयए. परिचारिका करू शकते आणि निकाल तिथल्या तिथे.

पाच टक्के अॅसेटिक अॅसिड लागतं: ९५ मिली ऊर्ध्वपातित पाण्यात ५ मिली ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड. पाण्यात अॅसिड घालायचं, उलट नाही. नीट ढवळायचं, कारण न मिसळलेल्या अॅसिडने आतली त्वचा भाजते. रोज ताजं करायचं, उरलेलं संध्याकाळी फेकून द्यायचं. उजेड प्रखर हवा. कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुख भिजवून पूर्ण एक मिनिट थांबायचं, घड्याळ बघून. अंदाजाने मोजलेलं मिनिट पंचवीस-तीस सेकंदांचं निघतं आणि तेवढ्यात डाग उमटलेला नसतो.

पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं? दाट पांढरा, ठळक कडांचा, सूक्ष्मदर्शींनी सांगितलेल्या दोन थरांच्या सीमेला चिकटलेला डाग. विरळ, अस्पष्ट कडांचा, सीमेपासून लांब असलेला पांढुरका पट्टा धरायचा नाही. चिकट स्राव पांढरा दिसतो, तो पुसला जातो. नाबोथियन गाठी, म्हणजे स्राव साठून झालेल्या निरुपद्रवी गाठी, गोल, बटणासारख्या दिसतात. अॅसिड लावण्याआधीच पांढरं दिसत असेल तर तो वेगळा प्रकार, त्याला पुढे पाठवा.

गणिती

आडवाट, व्हीआयएबद्दल आदर आहे, पण तिच्यावर विसंबून किती राहायचं याबद्दल मतभेद आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका होत्या. गावांचे चार गट: एचपीव्ही, पॅप, व्हीआयए आणि नेहमीची सेवा. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत तशी ठोस घट दिसली नाही.

आडवाट

तो अभ्यास माहीत आहे. पण मुंबईचाही बघा, निकाल २०१४ चे. आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत व्हीआयए केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एका फेरीत जे निसटतं ते पुढच्या फेरीत सापडतं. एकदा करून सोडून दिली तर व्हीआयए कमी पडते, हे मान्य.

गणिती

फेऱ्यांचा मुद्दा पटला. मग असं म्हणू: ज्या बाईला आयुष्यात एकदा-दोनदाच तपासता येणार आहे तिला एचपीव्ही चाचणीच द्यावी. गंभीर बदलांपैकी शंभरात नव्वदहून अधिक ती पकडते. एका पॅपमध्ये त्यातले बरेच निसटतात. शिवाय नळीत खोल असलेला ग्रंथीपेशींचा कर्करोग, ज्यात प्रकार १८ चा वाटा मोठा, पॅपला हुलकावणी देतो. एचपीव्ही निगेटिव्ह असेल तर पुढची ५ ते १० वर्षं निश्चिंत राहता येतं. पॅप किंवा व्हीआयए असेल तर ३ वर्षं.

तिशीच्या आत मात्र ही चाचणी सरसकट करू नये. त्या वयात लागण फार जणींत सापडते आणि बहुतेकींची आपोआप जाते. उगाच भीती, उगाच बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी.

शेवंती

पण कितीतरी जणी तपासणीच्या टेबलापर्यंत जातच नाहीत, संकोच आड येतो. त्यांच्यासाठी स्वतः नमुना घेण्याचा पर्याय आहे हे कुणीच लिहिलं नाही!

हात धुवायचे. एक पाय उंचावर ठेवून किंवा उकिडवं बसून पुसनळी, म्हणजे स्वॅब, योनीत साधारण दोन इंच आत घालायची, वीस-तीस सेकंद गोल फिरवायची, बाहेर काढून नळीत ठेवून झाकण घट्ट लावायचं. टोकाला बोट लावायचं नाही, ती कुठे टेकवायची नाही. गर्भाशयमुखापर्यंत पोचायची गरज नाही, कारण चाचणी विषाणूचा डीएनए शोधते आणि तो योनीतल्या स्रावातही असतो. प्रयोगशाळा पीसीआर पद्धत वापरत असेल तर अशा नमुन्याचा निकाल डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीस तोड येतो. पाळीत घेऊ नका, आणि योनीत औषध चालू असेल तर ते संपल्यावर घ्या.

काचपट्टी

शेवंती, हे राहिलंच होतं, बरं झालं लिहिलंत. एक पुरवणी: अशा नमुन्यावर पॅप करता येत नाही, त्यात गर्भाशयमुखाच्या पेशी पुरेशा नसतात. एचपीव्ही पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीला जावंच लागतं. किट हातात देतानाच हे सांगितलं पाहिजे.

अबोली

एक नाजूक प्रश्न. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात संशय सुरू होतो. 'कुणाकडून आला?' याचं उत्तर चाचणी देते का?

सूक्ष्मदर्शी

नाही, अजिबात नाही. लागण कधी झाली हे कुठलीही चाचणी सांगू शकत नाही. विषाणू वर्षानुवर्षं सुप्त राहून नंतर दिसू शकतो. आज पन्नाशीत सापडलेला विषाणू पंचवीस वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि तो नवऱ्याकडे होता की बायकोकडे हेही ठरवता येत नाही. या रिपोर्टवरून कुणाच्याही वागणुकीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. समुपदेशनात हे सर्वांत आधी सांगावं, शक्यतो दोघांना समोर बसवून. निरोध धोका कमी करतो, पण पूर्ण आडोसा देत नाही, कारण विषाणू त्वचेच्या स्पर्शाने पसरतो.

मोगरा

अवांतर: १९७० च्या दशकात संशय नागीण गटातल्या हर्पिस विषाणूवर होता. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी एचपीव्हीचा माग सोडला नाही. त्यांच्या गटाने १९८३ मध्ये प्रकार १६ आणि १९८४ मध्ये प्रकार १८ कर्करोगाच्या पेशींत दाखवला. २००८ चं नोबेल त्यासाठीच. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ साली वाढवलेल्या हीला पेशींतही पुढे हाच प्रकार १८ सापडला. अवांतर समाप्त.

तिठा

आता लसीकडे वळतो.

लशीत विषाणू नसतो, त्याचा डीएनएही नसतो. एल१ या प्रथिनाची रिकामी कवचं असतात, त्यामुळे लशीने लागण होणं शक्यच नाही. पहिली लस २००६ साली आली. चार प्रकारांची लस ६, ११, १६ आणि १८ विरुद्ध. नऊ प्रकारांच्या लशीत त्यांशिवाय ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८. झालेली लागण ती घालवत नाही, म्हणून ९ ते १४ हे वय महत्त्वाचं. स्वीडनमधल्या २०२० च्या अभ्यासात सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला.

मात्रेबद्दल गोंधळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून ९ ते २० वयात एक किंवा दोन मात्रा चालतील असं म्हटलंय. २१ च्या पुढे दोन, सहा महिन्यांच्या अंतराने. एचआयव्ही किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर किमान दोन, जमल्यास तीन.

गणिती

एका मात्रेवर शंका घेणाऱ्यांसाठी: भारतातल्या एका मोठ्या अभ्यासात २०१० साली लसीकरण मध्येच थांबवावं लागलं. त्यामुळे एकच मात्रा मिळालेल्या हजारो मुलींचा गट तयार झाला. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात १६ आणि १८ च्या चिवट लागणीपासून त्यांचं संरक्षण दोन-तीन मात्रा घेतलेल्यांच्या बरोबरीचं दिसलं.

हिवाळा

लस साठवणाऱ्यांसाठी: २ ते ८ अंश सेल्सिअस. गोठली की संपली, कारण लशीतल्या अॅल्युमिनियमच्या कणांवर चिकटवलेलं प्रथिन गोठल्यावर सुटून गुठळ्या होतात. ती वितळवून वापरू नका, फेका. कुपी फ्रीजरच्या भिंतीला किंवा थेट बर्फाच्या पिशवीला टेकवू नका. देण्याआधी हलवा, दंडाच्या स्नायूत अर्धा मिली. नंतर १५ मिनिटं बसवून ठेवा. या वयातल्या मुलींना सुईनंतर चक्कर येते, आणि लशीपेक्षा पडून डोक्याला लागण्याचा धोका जास्त. गरोदरपणात देत नाहीत. चुकून दिली गेली तर गर्भ काढण्याचं काहीही कारण नाही, उरलेली मात्रा बाळंतपणानंतर द्यायची.

अबोली

आणि मुलगे?

तिठा

द्यावी. घसा, गुदद्वार आणि लिंगाच्या काही कर्करोगांतही हाच विषाणू असतो. लस अपुरी असेल तर आधी मुली, एवढाच क्रम.

आडवाट

आता रानजाईताईंचा खरा प्रश्न: पॉझिटिव्ह आल्यावर काय?

१६ किंवा १८ असेल तर थेट कोल्पोस्कोपी. दुसरा धोक्याचा प्रकार असेल तर आधी पॅप किंवा व्हीआयए. तीही नॉर्मल असेल तर जिथली जी पद्धत त्याप्रमाणे एक-दोन वर्षांनी पुन्हा एचपीव्ही. कोल्पोस्कोपीत भिंगातून बघून संशयास्पद जागेचा तांदळाएवढा तुकडा घेतात. चिमटा बसतो, थोडं रक्त येतं, मॉन्सेलचा लेप लावला की थांबतं.

डाग पूर्ण दिसतोय, नळीत शिरलेला नाही, गर्भाशयमुखाच्या पाऊण भागापेक्षा कमी पसरलाय आणि कर्करोगाचा संशय नाही, या चारही अटी जुळल्या तर तो जाळता किंवा गोठवता येतो. जाळण्यासाठी किमान १०० अंश तापवलेलं टोक वीस-तीस सेकंद टेकवतात, एकमेकांवर थोडं चढेल असं, पूर्ण संक्रमण क्षेत्र झाकेपर्यंत. गोठवणं तीन मिनिटं, मग पाच मिनिटं वितळू द्यायचं, पुन्हा तीन मिनिटं. सिलिंडरमधला दाब कमी असेल तर बर्फ खोलवर जात नाही आणि आजार खाली शिल्लक राहतो, म्हणून सुरू करण्याआधी दाबाचा काटा बघावा. कर्करोगाचा संशय असेल तर आधी बायोप्सी. बाकीच्या तीन अटींतली एक जरी जुळली नाही तर वीजतारेच्या फाशाने तो भाग काढतात, त्याला लीप म्हणतात. त्यात काढलेला तुकडा तपासणीला जातो, हा मोठा फायदा. तुकडा खोल काढावा लागला तर पुढच्या गरोदरपणात दिवस भरण्याआधी प्रसूतीचा धोका थोडा वाढतो. मूल हवं असलेल्या बाईला हे आधी सांगायलाच हवं.

नंतर काही आठवडे अंगावरून पाण्यासारखं जातं, गोठवल्यावर जास्त. महिनाभर संबंध नको, आत काही घालायचं नाही. ताप, घाण वास किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त आलं तर लगेच दाखवायचं. आणि १२ महिन्यांनी पुन्हा चाचणी. इथेच सर्वाधिक जणी हरवतात.

रानजाई

शेवटचं वाक्य मला हवं होतं तेच. का हरवतात, आणि काय केल्याने थांबतात?

आडवाट

कारण दुखत नाही. आजार त्रास देत नसताना वर्षभराने पुन्हा या म्हटलं की ते मागे पडतं. उपाय साधे आहेत: शक्य तिथे तपासणी आणि उपचार एकाच दिवशी, पुढची तारीख तोंडी न सांगता कागदावर, पॉझिटिव्ह बायकांची वेगळी वही, आणि दर महिन्याला त्या वहीतून न आलेल्यांना फोन करण्याचं काम एका ठरावीक माणसाकडे. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही.

निवडुंग

पिशवी काढली आहे, मग तपासणी नको ना?

काचपट्टी

काय काढलंय त्यावर अवलंबून. काही शस्त्रक्रियांत पिशवी काढतात पण तोंड ठेवतात. तिथे तपासणी चालूच. तोंडासकट काढली असेल, कारण गाठी किंवा जास्त रक्तस्राव असं असेल आणि पूर्वी गंभीर बदल कधी सापडले नसतील, तर थांबवता येते. पूर्वी सीआयएन २ किंवा ३ असेल तर योनीच्या वरच्या टोकाची तपासणी पुढेही लागते. डिस्चार्जचा कागद आणि बायोप्सीचा रिपोर्ट काढून बघा.

आणि सगळ्यांसाठी: संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त, घाण वासाचा स्राव, एकाच पायाला सूज, यातलं काही असेल तर 'मागच्या वर्षी पॅप नॉर्मल होती' यावर विसंबू नका. त्या चाचण्या तक्रार नसलेल्या बाईसाठी. गाठीवर सडलेल्या पेशी आणि रक्त इतकं असतं की पॅप चक्क नॉर्मल येऊ शकते. तक्रार असेल तर स्पेक्युलम घालून डोळ्यांनी बघणं आणि दिसेल त्याची बायोप्सी, हाच मार्ग. अंगावर काढू नका.

रानजाई

तर माझ्या मूळ प्रश्नाला उत्तर असं दिसतंय: ९ ते १४ मध्ये लस. लस घेतली असली तरी तिशीपासून एचपीव्ही चाचणी, कारण लशीत सगळे धोक्याचे प्रकार नाहीत. ती ५ ते १० वर्षांनी, पन्नाशीपर्यंत नियमित. पन्नाशीनंतर?

गणिती

शेवटच्या दोन नियमित चाचण्या निगेटिव्ह असतील तर पन्नाशीनंतर थांबवता येतं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. काही देश ६५ पर्यंत करतात. ५० ते ६५ मध्ये जिची कधीच झाली नाही तिची मात्र जरूर करावी. त्या वयात सीमा आत गेलेली असते, म्हणून व्हीआयए नको, एचपीव्ही.

तिठा

एचआयव्ही असलेल्या बायकांचं वेळापत्रक वेगळं आहे, ते राहायला नको. त्यांना हा कर्करोग होण्याची शक्यता सहापट, आणि एचआयव्हीवर उपचार नसतील तर १५-२० वर्षांचा प्रवास ५ ते १० वर्षांत होऊ शकतो. त्यांची तपासणी २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या चाचणीने खात्री करून उपचार, मग १२ महिन्यांनी चाचणी आणि ती निगेटिव्ह आली तरी आणखी १२ महिन्यांनी पुन्हा एकदा. एचआयव्हीची औषधं जिथून मिळतात तिथेच ही तपासणी ठेवली तर वेगळा हेलपाटा पडत नाही.

शेवंती

तिथेच स्वतः नमुना घेण्याचं किटही ठेवता येईल. औषधं घ्यायला आल्या की नमुना देऊन जातील.